इटलीतलं क्लारनेट

छत्रपती संभाजीनगर
६ एप्रिल २०२५

संघपाल,
जय भीम.

अक्षर ओळखलं नसलंस तर आधीच सांगतो, मी शौकत. गुलशन ब्रास बँडचा शौकत मास्टर. नाव वाचून पत्र फाडावंसं वाटलं तर फाड, पण मला तुझ्याकडून काही नको आहे एवढं वाचून मग फाड.

पत्ता तुझ्या आईकडून घेतला. चौदा वर्षांत त्या रस्त्यानं कैक वेळा गेलो, खुलताबादला, दौलताबादला, पण पडेगावचा थांबा आला की मी बसच्या दुसऱ्या खिडकीकडं तोंड करायचो. परवा उतरलो. साळूबाईंनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, "मास्टर, लई वाळलात." खुर्ची दिली, चहा केला. "तुम्ही व्हता तवर पोरगं सरळ व्हतं," असं म्हणाल्या. मला तो चहा काही गेला नाय. दूध नासलं का, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, नाय, पोटात गडबड आहे.

तू चाकणला गोदामात गाडी चालवतोस, माल उचलायची, असं त्या म्हणाल्या. लग्न झालं, एक मुलगी आहे म्हणाल्या. अल्लाह खैर करो.

माझं सांगायचं तर, तुझी जाहेदाभाभी दोन वर्षांमागं गेली. साखर होती, किडनीवर आली. मंतशा परभणीला दिली आहे, जावई शाळेत मास्तर आहे. बँड बंद होऊन सहा वर्षं झाली. डीजेपुढं कोण उभं राहतंय? वाजवायची सगळी पितळी वाद्यं विकून टाकली, क्लारनेट तेवढं ठेवलं. आता शेंद्र्याच्या रस्त्याला एका बंगल्याचं गेस्ट हाऊस केलंय, तिथं मी केअरटेकर. सकाळी सहाला जायचं, पाहुण्यांचं चहापाणी, चादरी, झाडांना पाणी, दोन वाजता घरी.

आता ज्यासाठी लिहितोय ते.

जानेवारीपासून एक इटलीचा साहेब येऊन राहिला आहे. कुठल्याशा कंपनीत मोठं मशीन बसवायचं आहे, त्यासाठी. पासष्टीच्या पुढचा माणूस, माझ्यापेक्षा थोडा मोठाच. एकटा. कॉफी स्वतःची स्वतः करतो, छोट्या पितळी रंगाच्या भांड्यात, मला हात लावू देत नाय. कॉफी गॅसवर ठेवली की खिडकीत एक छोटा स्पीकर ठेवतो आणि गाणं लावतो.

पहिल्या दिवशी वाटलं, स्पीकर बिघडला. मी बाहेर मोगऱ्याला पाणी देत होतो. आतून असा आवाज येत होता की कुणी पियानोच्या तारांवर चमचे ठेवून वाजवतंय. मग ढोल सुरू झाला. ठेका धरेपर्यंत सुटला. मग एक माणूस बोलायला लागला, बोलता बोलता गायला लागला, गाता गाता ओरडायला लागला. आपल्या बँडात कुणी असं केलं असतं तर मी काठी घेतली असती. मनात म्हटलं, बिचाऱ्याच्या गाण्याच्या मशीनला पाणी लागलं असेल.

महिनाभर रोज हेच. रोज वेगळं, पण जात एकच. मी कानावर पडू द्यायचो नाय. पाण्याचा नळ जरा जास्त सोडायचो.

मग फेब्रुवारीत एका सकाळी त्यातून क्लारनेट आलं.

खाली, एकदम खालच्या सुरात, हळू. मी पाइप धरून उभा राहिलो. क्लारनेट वर चढायला लागलं, आणि चढता चढता मुद्दाम फाटलं. म्हणजे तोंडातली पत्ती सुटून फाटतं तसं नाय. वाजवणारानं घशातून गुरगुर सोडली आणि एका फुंकीत दोन सूर धरले, एकमेकाला न पटणारे, आणि ते तसेच धरून ठेवले. सोडलेच नाय.

संघपाल, हे मी आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. बिडकीनला, परण्यात, नवरदेवाला वाजत मारुतीला नेताना, पारासमोर, २०११ साली. तू वाजवलं होतंस.

तो दिवस तुझ्या लक्षात असेलच. नवरदेवाचा मामा ओरडला, लोक खवळले, आणि मी तुला रागावलो. मास्टर होतो, रागवावंच लागलं. त्यावरून तू बँड सोडलास.

मला एवढंच कळवायचं होतं की तू जे वाजवलंस ते इटलीत लोकांनी वाजवलेलं आहे. पन्नास वर्षांमागं. रेकॉर्ड आहे त्याची. साहेबाकडून नाव लिहून घेतलं, मला उच्चारता येत नाय. चिठ्ठी पाकिटात घातली आहे. फोनवर टाकलं की निघतं.

तब्येत जप.

शौकत

---

२० एप्रिल २०२५

संघपाल,

उत्तर आलं नाय. येईल असं धरूनही चाललो नव्हतो. तरी रोज गल्लीत पोस्टमन दिसला की मी दारात उभा राहतो. तो आता मला सलाम करतो.

मी आता ते रोज ऐकतो. साहेबालाही कळलं आहे. झालं असं की, एका सकाळी मी खिडकीखाली गवत काढत बसलो होतो आणि बोटं मोजत होतो. ठेका सापडत नव्हता. सात धरला तर पुढं चार उरतात. चार धरला तर मध्येच पाय अडकतो. तेवढ्यात साहेब खिडकीतून वाकला. त्याच्या फोनमध्ये एक बाई आहे, तो इटलीच्या बोलीत बोलतो आणि ती बाई हिंदीत सांगते. बाई म्हणाली, "क्या आप गिन रहे हैं?"

मी म्हटलं, "हां साहेब. बैठता नहीं ये."

साहेबानं दहा बोटं दाखवली, मग स्वतःच्या नाकावर एक बोट ठेवलं. अकरा! मी परत मोजलं. चार, चार, तीन. बसलं! मी गवतातच हसायला लागलो. तो माणूसही हसला. तीन महिन्यांत आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

त्या दिवसापासून तो मला आत बोलावतो. मी उभाच राहायचो, आता स्टुलावर बसतो. त्यानं मला एकेक ऐकवलं. एकात बाईच्या आवाजाची उडी अशी आहे की अंगावर काटा येतो. एकात बासरी आणि व्हायोलिन एकमेकांचं ऐकतच नाय असं वाटतं, आणि शेवटी कळतं की दोघं आधीपासून एकमेकांचंच ऐकत होते. एकात चक्क कारखान्याचा भोंगा आहे. बरंचसं मला अजून आवडत नाय, खोटं कशाला बोलू. काही ऐकून डोकं धरतं. पण ते वाजवणारे काही चुकत नाय. बेसूर आणि बेताल वाजवणारे मी जन्मभर ऐकले, मला फरक कळतो. हे लोक सूर कुठं आहे ते पाहून, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात.

साहेबाला मी विचारलं, हे लोक लई नावाजलेले असतील? तो हसला. बाईनं सांगितलं की नाय, त्यांना कुणी विचारत नव्हतं. काही शिकलेले वाजवणारे होते, काही कामगारांची पोरं. रेकॉर्डच्या मोठ्या कंपन्या त्यांना दारात उभं करत नव्हत्या. मग ते कारखान्यांच्या आवारात, युनियनच्या हॉलमध्ये वाजवायचे, रेकॉर्डही आपल्या आपणच काढायचे. दुसऱ्या देशांतही असेच नाकारलेले बँड होते, त्यांनी एकमेकांना शोधून काढलं.

मग साहेबानं त्या क्लारनेटवाल्याचं सांगितलं. साहेब तेव्हा एकोणीस वर्षांचा, कारखान्यात शिकाऊ. आवारात हा बँड आला. लोकांना नाचायचं होतं. त्यांनी हे वाजवलं. अर्धे लोक उठून गेले.

मी विचारलं, "आप बैठे रहे?"

साहेबानं फोन खाली ठेवला. एवढी हिंदी त्याला आता कळत होती. मान हलवली. "नो. मैं गया."

मग बाईकडून सांगितलं की, जाताना त्यानं शिट्ट्याही मारल्या होत्या. वीस वर्षांनी बायको सोडून गेली, तेव्हा एका मित्राच्या घरी ती रेकॉर्ड त्यानं परत ऐकली आणि त्याला रडू आलं. तेव्हापासून जिथं जातो तिथं सोबत नेतो. वाजवणाऱ्याला शोधायला गेला, तर तो वारला होता.

घरी येताना मी बसमध्ये विचार करत होतो. उठून गेलेल्या माणसाला वीस वर्षांनी परत ऐकता आलं, कारण वाजवणारा वाजवतच राहिला होता. त्याच्या बँडातलं तर कुणी त्याच्यावर उठलं नव्हतं.

म्हणून मागच्या पत्रातलं एक दुरुस्त करतो. मी लिहिलं, रागावलो. ते बरोबर नाय. मी तुझ्या तोंडातून क्लारनेट ओढून काढलं. तुझा ओठ फाटला. मुंडावळ्या बांधलेल्या पोराच्या समोर, दीडदोनशे लोकांच्या समोर, तुझ्या पांढऱ्या ड्रेसवर रक्त सांडलं. तू रुमाल लावलास आणि माझ्याकडं बघत राहिलास. मी म्हटलं, "बेसूर! चल निकल."

काल मंतशाचा फोन आला तेव्हा घरात जुन्या रेडिओवर हे गाणं चालू होतं, साहेबानं कार्डात भरून दिलंय. म्हणाली, "अब्बा, पीछे कौन रो रा?" मी म्हटलं, कोणी नाय बेटा, टीव्ही आहे. टीव्ही विकून वर्ष झालं, तिला माहीत नाय. आवाज नको वाटायचा घरात, म्हणून विकला. आता हा आवाज ठेवलाय.

क्लारनेट काढून बघितलं. ते दोन सूर एका फुंकीत काही येत नाय मला. चार दिवस झाले, शेजारीण पारूबाई विचारून गेली की कुत्रं अडकलंय का कुठं. खालची कवळी आहे, ती हलते. पण कवळी नसताना, भर तारुण्यातही मला ते आलं नसतं. तू कुठून काढलं होतंस? मी तर शिकवलं नव्हतं.

शौकत

---

११ मे २०२५

संघपाल,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी तिथंच, उन्हात वाचलं. पाच ओळी, पण अक्षर तेच, उजवीकडं झुकलेलं.

"पत्रं मिळाली. चिठ्ठीतलं ऐकलं नाही, ऐकणारही नाही. मी वाजवत नाही. इथं बरा आहे. आईला आता जे वाटतं ते वाटू द्या, तिला या वयात काही सांगत बसू नका."

म्हणजे तुझ्या आईच्या कानात कुणी भरलं ते तुला ठाऊक आहे. मला वाटायचं तुला ठाऊक नसेल. वाटायचं, तू बिडकीनच्या लोकांवर संशय घेत असशील. चौदा वर्षं तुला ठाऊक होतं आणि तू आईला बोलला नाहीस.

इटलीचा साहेब गेला. मशीन चालू झालं, त्याचं काम संपलं. जाताना मला मिठी मारली. मी पाठीवर हात ठेवला, कसा ठेवायचा कळेना. त्याच्या खोलीत आता एक जण आला आहे, तो दिवसभर बातम्या लावतो.

आता मी जे लिहीन ते आधी कुणालाच सांगितलेलं नाय. जाहेदालाही नाय.

बिडकीनला मामा ओरडला नव्हता. मी ते खोटं लिहिलं. कुणीच ओरडलं नव्हतं.

आपण रोजचंच नाचायचं गाणं वाजवत होतो. मारुतीच्या पाराशी नवरदेव घोड्यावरून उतरला, आत पाया पडायला गेला, आणि तू त्या गाण्यातून बाहेर पडलास. हळूच. बद्रीनाथनं साइड ड्रमवर तुझ्यामागं पाय टाकला, त्याचा ठेका तू मोडलास तर त्यानंही मोडला. बाकीचे थांबले. मीही थांबलो. नाचणारी पोरं उभी राहिली. बायका पदर सावरायचं विसरल्या. पाराच्या कडेला एक म्हातारा काठी टेकून बसला होता, त्यानं डोळे मिटले. नवरदेव पाया पडून बाहेर आला आणि पायरीवर थांबून राहिला. अडीच-तीन मिनिटं असेल. एवढ्या लोकांत, एवढ्या उन्हात, कुणाचा आवाज नव्हता.

मी तीस वर्षं क्लारनेट वाजवलं, माझ्यासाठी नाचायचं कुणी थांबलं नव्हतं. लोक नाचावेत म्हणूनच वाजवायचं, असं मी समजत होतो. आणि तू, चार वर्षांमागं मी क्लारनेटवर तोंड कसं धरायचं ते शिकवलेला, बारावी झालेला पोरगा, मला न विचारता हे करत होतास. मला ते बेसूर वाटलं नव्हतं, संघपाल. तेव्हाही नाय. माझ्याही अंगावर काटा आला होता. म्हणूनच ओढलं.

मामा त्यानंतर आला. तो तर एवढंच म्हणाला, "मास्टर, काय झालं? का थांबवलं?" मला उत्तर द्यायचं होतं. तुझ्या ओठावर रक्त, लोक बघतायत. माझ्या तोंडातून निघालं, "प्यायलाय तो."

एकदा बोललो ते बोललो. मग मागं घेता येईना. पुढं तेच मी चार बँडवाल्यांच्या दुकानात बसून सांगितलं, म्हणजे तुला कुणी घेऊ नये, आणि तू कुणाकडं ते परत वाजवू नयेस. बिडकीनच्याच दिवशी संध्याकाळी तुझी पिशवी द्यायला पडेगावला गेलो आणि साळूबाईंनाही तेच सांगितलं. तुझा बाप दारूनं गेला होता, हे मला माहीत होतं. त्यांना दुसरं काही सांगितलं असतं तर त्यांनी तुला विचारलं असतं. हे सांगितल्यावर विचारणार नाहीत, हे कळत होतं मला.

एवढं वाचलंस तर पुढचं वाच.

गुरुवारी मी बद्रीनाथकडं गेलो. त्याचा आता डीजे आहे, टेम्पोवर भिंतीएवढे डबे लावलेले. लग्नाची तयारी करत होता. मी त्याला म्हटलं, "बद्री, संघपाल त्या दिवशी प्यायला नव्हता. मी खोटं बोललो."

तो वायर गुंडाळत होता. थांबला नाय. म्हणाला, "मास्टर, मी त्याच्या शेजारी उभा होतो. इतका शेजारी. मला काय वास येत नाय का?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही मास्टर होता." मग वायरीला गाठ मारली आणि म्हणाला, "आमाला सगळ्यांनाच माहीत होतं. तुमीच विसरलात की काय, असं वाटायचं."

मी चारही दुकानांत जाणार होतो. दोन बंद झाली आहेत, तिसऱ्यात मोबाईलची कव्हरं विकतात. चौथ्यात जुना मालक खाटेवर आहे, त्याला तू कोण ते आठवलं नाय. मी तरी सांगितलं. तो हो हो म्हणाला.

आता राहिल्या साळूबाई. तू नको म्हणतोस. मी विचार करतो आहे.

शौकत

---

१ जून २०२५

संघपाल,

तुझी एक गोष्ट मी ऐकली नाय. पडेगावला जाऊन आलो. त्यासाठी तू मला शिव्या दे, त्या मला चालतील. पण साळूबाई फोनवर बोलल्या ते तू ऐकलंस, फोनच्या या बाजूला काय झालं ते तुला माहीत नाय, म्हणून लिहितो. हे लिहिणं माझंच काम आहे.

मागच्या रविवारी सुट्टी घेऊन, सकाळी दहाला गेलो. साळूबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या मास्टर, सावलीला बसा." मी बसलो नाय. म्हटलं, "बाई, आधी माझं ऐका, मग बसा म्हणायचं की नाय ते ठरवा."

मी सगळं सांगितलं. तुला लिहिलं तेवढं सगळं. त्या वाकून कुरडया पलटत होत्या, पलटतच राहिल्या. मला वाटलं, ऐकू आलं नाय. मी परत सांगायला लागलो तर हातानं थांबवलं.

"म्हंजी त्यानं घेतली नव्हती?"

"नाय."

"एकदाबी?"

"माझ्याकडं चार वर्षं होता, बाई. एकदाही नाय. चहासुद्धा फुकटचा पीत नव्हता कुणाचा."

त्या खाली बसल्या. ओल्या कुरडयांवरच बसल्या, दोन-तीन मोडल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी मी ताट वाढून ठिवलं व्हतं. तुम्ही येऊन सांगून गेलात आन् मंग तो आला. तोंड सुजल्यालं. मी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. तो म्हणला, आई, तोंडाचा वास घे. म्हणला, घेऊन तर बघ." मोडलेली एक कुरडई उचलून परत ठेवली. "मी घेतला न्हाई. म्हणलं, मास्टर कशाला खोटं बोलंल? ताट कुत्र्याला घातलं."

माझं तोंड कोरडं पडलं होतं, खोटं बोलताना कधी पडलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "दर आयतवारी फोन करते त्याला. चौदा वर्सं झाली. पयलं हेच इच्यारते, आज घेतली का? त्यो न्हाई म्हणतो. आन् मी मनात म्हणते, घेतली आसंल."

तुझ्या मुलीच्या बारशालाही तेच विचारलं होतं म्हणाल्या. पाळण्यापाशी, सगळ्यांच्या देखत.

मग पदराला हात पुसले आणि कनवटीचा फोन काढला. मी निघायला लागलो तर म्हणाल्या, "थांबा. तुम्ही हितंच ऱ्हा." मी राहिलो. ऊन मोठं होतं, पाण्याच्या टाकीची हातभर सावली होती, तीत उभा राहिलो.

तू उचललास. मागं गाड्यांचा आवाज येत होता, रविवारीही कामावर होतास वाटतं. साळूबाई म्हणाल्या, "जेवलास का?"

तू काहीतरी बोललास, मला ऐकू आलं नाय. त्या म्हणाल्या, "काय भाजी व्हती?" मग म्हणाल्या, शेपूला लसूण जास्त टाकायला सांग सूनबाईला. मग नातीच्या शाळेचं विचारलं, दाताचं विचारलं, तिकडं पाऊस झाला का विचारलं. तू बहुतेक विचारलंस, आई, झालं काय? कारण त्या म्हणाल्या, "काय न्हाई. कुरडया केल्यात. धाडते." तू परत विचारलंस. त्या म्हणाल्या, "काय न्हाई म्हणलं ना. आवाज आईकावा वाटला."

हे तू ऐकलंस. तुला दिसलं नाय ते हे की, दहा मिनिटं त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं, बोलायचं असलं की सोडायच्या आणि परत धरायच्या. डोळ्यांचं पाणी पुसत नव्हत्या, म्हणजे नाक ओढल्याचा आवाज तुला येऊ नये. फोन ठेवल्यावर तो तसाच कानाला लावून बसल्या. बंद झालेला फोन. किती वेळ ते मी सांगू शकत नाय.

मी म्हटलं, "बाई, मी गोळा करू लागतो कुरडया." दुसरं काही सुचेना.

"नगं." माझ्याकडं बघितलं नाय. "तुम्ही आलात, सांगितलंत, बरं केलंत. आता जा. आन् मास्टर, परत माज्या दारात यिऊ नका."

मी हो म्हटलं. जिना उतरलो. खाली तू लहानपणी शाई सांडलेली पायरी आहे असं तू कधी सांगितलं होतंस, ती शोधावी असं वाटलं, पण पाय थांबू दिला नाय. स्टॉपवर येऊन बसलो. दोन बस गेल्या, तिसरीत चढलो.

आता मी तुलाही लिहिणार नाय. तू माफ कर असं मी या चार पत्रांत कुठं लिहिलेलं नाय, आताही लिहीत नाय. लिहिलं असतं तर ते तुझ्यावरच ओझं झालं असतं, तुला परत पाच ओळींचं कार्ड लिहीत बसावं लागलं असतं.

माझं बरं चाललंय. गेस्ट हाऊसला आहे. सकाळी बातम्यावाला पाहुणा फिरायला गेला की तासभर घर रिकामं असतं, तेवढ्यात मी ते इटलीचं लावतो आणि चादरी बदलतो. आता त्यातलं निम्मंअधिक आवडायला लागलंय. कुणाला सांगावं, तर साहेब गेला, आणि इथं ज्याला कळलं असतं असा एकच माणूस होता.

एक गोष्ट तेवढी मुद्दाम लिहितो, कारण फोनवर बोलताना माणसाच्या ध्यानात येत नाय. त्या दिवशी साळूबाईंनी तुला, आज घेतली का, असं विचारलं नाय. आठवून बघ. दहा मिनिटं बोलल्या, एकदाही विचारलं नाय. त्यांना कळलं आहे हे आता तुला कळलं. तुम्ही दोघं त्यावर बोला, नायतर शेपूच्या भाजीवर बोला. मी मधून उठलो.

शौकत